प्रदर्शनाला जा, पण लेआउट मागून पाहा

कोल्हापुरात मॉडेल रेल्वेची हौस असणारा माणूस सहसा एकटाच असतो. दुकानात चौकशी केली तर सेलवर गोल फिरणारी गाडी पुढे करतात आणि घरात "अजून खेळण्यातच हाईस होय?" हे ऐकावं लागतं. त्यामुळे कुठं प्रदर्शन लागलं की माणूस उत्साहानं जातो. तिथं लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या रूळ-स्टेशनांच्या देखाव्यावर, दोन तास गाड्या फिरताना बघतो, पन्नास फोटो काढतो, एक इंजिन विकत घेतो आणि परतीची गाडी पकडतो. घरी आल्यावर कळतं की ते इंजिन आपल्या रुळावर चालतच नाही, आणि ज्यांना विचारता आलं असतं त्यांचा नंबर घ्यायचाच राहिला.

हे टाळायचं तर प्रदर्शनाच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन दिवस, दोन्ही मोजावे लागतात. हॉलमधला वेळ त्यांच्या मधला.

स्केल आणि गेज घरीच पक्कं करा

हॉलमध्ये भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या मिनिटात विचारतो, "तुमचं स्केल कुठलं?" उत्तर नसेल तर गप्पा तिथंच अडतात. स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. नवखे लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि तिथंच पैसे जातात.

एचओ म्हणजे १:८७, गेज १६.५ मिमी. ब्रिटिश ओओ १:७६, पण रूळ तेच १६.५ मिमीचे. म्हणून ओओचं इंजिन एचओच्या रुळावर धावतं, मात्र त्यामागं एचओचे डबे लावले की म्हशीमागं शेळ्या बांधल्यासारखं दिसतं. एन म्हणजे १:१६०, जपानी एन १:१५० आणि ब्रिटिश एन १:१४८. रूळ तिघांचेही ९ मिमी. झेड १:२२०, गेज ६.५ मिमी. झेड बघायला गोड आहे, पण पहिल्या खरेदीला नको. धुळीच्या एका कणावर इंजिन उभं राहतं.

आता जागेचा हिशेब. आजचा एलएचबी पद्धतीचा प्रवासी डबा जवळपास २४ मीटर लांब असतो. एचओत तो साडेसत्तावीस सेंमी होतो, एनमध्ये १५ सेंमी. पाच डबे आणि एक इंजिन एवढीच गाडी धरली तरी एचओत ती एक मीटर साठ सेंमी भरते, एनमध्ये ९० सेंमीच्या आत बसते. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या अडीच ते तीन पट तरी हवी, म्हणजे एचओला ७० ते ८३ सेंमी. तयार सेटमध्ये मिळणारं वळण बहुधा १८ इंची, सुमारे ४६ सेंमी त्रिज्येचं असतं. त्यावर लांब डबा घातला की टोकं बाहेर फेकली जातात, डबे जोडणारं कपलिंग ताणतं आणि मधला डबा रूळ सोडतो. दोष डब्याचा नसतो, वळणाचा असतो. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या एका खोलीत पलंगही राहणार आणि लेआउटही होणार असेल तर एन घ्या. वाड्याची माडी मोकळी असेल तर एचओचा विचार जरूर करा.

भारतीय गाडीचं मॉडेल करायचं ठरलं की आणखी एक गंमत समजून घ्यावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. ८७ ने भागला की १९.३ मिमी येतो, पण एचओचा रूळ १६.५ चा. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी एचओत पावणेतीन मिमी अरुंद पायांवर उभी असते, आणि समोरून बघितलं की ते जाणवतं. मीटरगेज ११.५ मिमी भरतो आणि बाजारात १२ मिमीचा रूळ मिळतो, चालून जातं. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूरकडं पूर्वी जाणारी बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमीची नॅरोगेज मात्र १:८७ मध्ये ८.७६ मिमी येते आणि एनचा ९ मिमीचा रूळ तिथं चपखल बसतो. सगळ्यात लहान गाडीचं मॉडेल सगळ्यात अचूक होतं. एचओच्या मापाची गाडी एनच्या रुळावर चालवण्याचा हा प्रकार युरोपात फार चालतो आणि त्याचे सुटे भागही मिळतात.

"काय बनवताय?" याचं उत्तर तीन वाक्यांत

स्केलनंतरचा प्रश्न हाच येतो. "इंडियन रेल्वे" एवढं उत्तर पुरत नाही. जागा, काळ आणि गाडी सांगा, म्हणजे समोरच्याला मदत करता येते.

उदाहरणादाखल आपल्याच दारातलं बघा. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ मध्ये मीटरगेजवर सुरू झाला आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्यानंतर काही वर्षं मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एका आवारात होते. कोल्हापूरचं स्टेशन टर्मिनस आहे, म्हणजे गाडी येते ती परत फिरण्यासाठीच. इंजिन सुटं करायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला लावायचं. भिंतीलगतच्या दीड फूट रुंद फळीवर असं टर्मिनस बसतं, गोल फेरी लागतच नाही. गाडीचा रूळ बदलणारे सांधे मोजकेच लागतात आणि हाताला काम भरपूर राहतं. "एनमध्ये, १९८० च्या आसपासचं कोल्हापूर टर्मिनस, डिझेल इंजिन आणि आयसीएफ डबे" (एलएचबीच्या आधीच्या घडणीचे) असं सांगितलंत की समोरचा लगेच फोनमधले फोटो उघडतो.

खऱ्या जागेचे फोटो काढायला रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलाकडं किंवा वळिवड्याला गेलात तर रुळावर उतरू नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि रूळ-खडीचे चांगले फोटो फाटकावरूनही निघतात.

कुठं जायचं

प्रदर्शनाची वाट बघत बसण्याआधी पुण्यात कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि कायमस्वरूपी चालतं लेआउट बघायला आपल्याला सगळ्यात जवळ पडतं. लेआउट एचओचं आहे, त्यामुळे १:८७ म्हणजे डोळ्यांना नेमकं केवढं, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. खेळाच्या वेळा आणि सुट्टीचा वार निघण्याआधी फोनवर विचारा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलात तर पुण्यात भल्या पहाटे उतरता आणि दार उघडेपर्यंत बरेच तास काढावे लागतात. कोयना एक्स्प्रेसनं गेलात तर पोचेपर्यंत दुपार टळते आणि त्या दिवसाचा खेळ हुकू शकतो. एका दिवसात जाऊन यायचं तर पहाटेची एसटी बरी. हायवेनं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे.

फिरती प्रदर्शनं आणि हौशींचे मेळावे पुणे, मुंबई, बेंगळुरूसारख्या शहरांत होतात, पण त्यांचं ठरलेलं पंचांग नसतं. बातमी तोंडोतोंडीच लागते, आणि ओळखी करायचं हे एक मोठं कारण आहे.

घरातलं कोणी परदेशात असेल तर तिकडच्या तारखा माहीत असाव्यात. जर्मनीत डॉर्टमुंडला वसंतात इंटरमोडेलबाउ भरतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला जानेवारीअखेरीस मोठं प्रदर्शन असतं. तोक्योत ऑगस्टमध्ये मॉडेलवाल्यांचा मोठा मेळावा होतो. बर्मिंगहॅमचं वॉर्लीचं प्रदर्शन मात्र २०२३ नंतर थांबलं. जुने लेख वाचून पुतण्याला तिकडं धाडू नका. त्याला काय आणायला सांगायचं, ते खाली खरेदीत येईल.

पिशवी

पाठीवरची सॅक नको. गर्दीत वळताना ती कुणाच्या तरी सिग्नलला लागते आणि हॉलमध्ये तुमची ओळख तीच होते. खांद्यावरून पुढं येणारी लहान पिशवी घ्या. त्यात १५ सेंमीची स्टीलपट्टी, लहान टॉर्च, वही-पेन, पॉवर बँक, थोडा फुगेवाला प्लास्टिक कागद आणि रोख पैसे ठेवा. यूपीआय सगळीकडं चालतं, पण तळघरातल्या हॉलमध्ये रेंज जाते.

स्वतःची एक वस्तू न्या: इंजिन नव्हे, एक डबा. कपलिंग जुळतं का, रंग जुळतो का, चाकं समोरच्याच्या सांध्यावर उड्या मारतात का, हे सगळं एका डब्यावर तपासता येतं. इंजिन न्यायचंच असेल तर मूळ खोक्यात, चाकं वर करून, दोन्ही बाजूंना स्पंज लावून न्या. एसटीच्या मागच्या सीटखाली ठेवू नका. तिथल्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात आणि छपरावरचा, तारेला टेकणारा पेंटोग्राफ वाकतो.

हॉलमधला पहिला अर्धा तास

पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका आणि फोटोही काढू नका. सगळा हॉल एकदा चाला. कुठल्या टेबलावर तुमचं स्केल आहे, कुठं जुना माल विकायला आहे, कुठं माणसं गप्पांत रमलीत, एवढंच वहीत टिपा. अपवाद एकच: जुन्या मालाच्या टेबलावर तुम्ही वर्षभर शोधत असलेली नेमकी वस्तू दिसली, तर ती लगेच घ्या. दुपारी ती नसते.

लेआउटवर हात ठेवू नका, रेलून उभे राहू नका, मुलांना उचलून धरायचं तर दोन पावलं मागं. फोटोला फ्लॅश नको. फोन उलटा धरून लेन्स रुळाच्या पातळीवर आणा आणि गाडी तुमच्याकडं येऊ द्या. वरून काढलेल्या फोटोत सगळं खेळणंच दिसतं.

गाड्या बऱ्यापैकी चालवतात का, हे पाहायची एक सोपी कसोटी आहे. घड्याळ लावा. एचओत ताशी ६० किमी म्हणजे एक मीटर सव्वापाच सेकंदांत, एनमध्ये साधारण साडेनऊ सेकंदांत. शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडं लावणं, याच्या एक चतुर्थांश वेगानं व्हायला हवं. बहुतेक लेआउटांवर गाड्या विमानासारख्या पळतात. जिथं सावकाश आणि न अडखळता चालतात, तिथला माणूस शोधा, कारण हळू चालणाऱ्या गाडीमागं रुळाचं काम पक्कं असतं.

आता मागं जा

पुढून दिसतो तो देखावा: घाट, बोगदा, लुकलुकणारे दिवे. शिकायचं सगळं मागच्या बाजूला आणि फळीखाली असतं. "काका, मागून बघितलं तर चालेल का?" असं विचारलंत की निम्मे लोक खूश होतात, कारण तो प्रश्न कुणी विचारतच नाही. आत काय बघायचं ते असं.

वायरिंग. फळीखालून दोन जाड वायरी टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या असतात आणि त्यातून दर मीटरला एक बारीक जोड वर रुळाला दिलेला असतो. नवखा माणूस एकाच जागी दोन वायरी लावतो आणि बाकी काम रूळजोडांवर सोडतो. पहिल्या महिन्यात चालतं, मग जोड काळे पडतात आणि दूरच्या टोकाला इंजिन मंदावतं. घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर मिमीची तार मुख्य लाइनला पुरते, आणि ती लक्ष्मीपुरीत कुठंही मिळते. वरच्या जोडाला अर्धा स्क्वेअर मिमी पुरे, लांबी एक वीतभर. सोल्डर करताना राळेचा फ्लक्स वापरा. आम्ल असलेली पेस्ट स्वस्त असते, पण पावसाळ्यात जोड हिरवा पडतो.

सांधे. सांध्याच्या मधला, रूळ छेदतात तो त्रिकोण प्लास्टिकचा आहे की धातूचा, हे विचारा. प्लास्टिकचा असेल तर वायरिंग सोपं, पण चार चाकांचं लहान इंजिन नेमकं तिथंच अडतं. धातूचा असेल तर इंजिन सुरळीत जातं, मात्र सांधा बदलला की त्या त्रिकोणाची वीजही बदलावी लागते. सांधा हलवणारी मोटर कुठली तेही बघा. गुंडाळीची मोटर 'खट्' करून क्षणात बदलते. तिला एक झटका पुरतो, बटण दाबून धरलं किंवा अडकलं तर गुंडाळी जळते. म्हणून जाणकार लोक तिच्याआधी कपॅसिटरचं लहान सर्किट लावतात. बटण कितीही वेळ दाबलं तरी साठलेली वीज एकदाच जाते. मंद फिरणारी मोटर किंवा सर्वो (ठरल्या कोनात वळणारी लहान मोटर) महाग पडतात, पण पातं हलताना खऱ्या सांध्यासारखं दिसतं.

फळ्यांचे जोड. दोन फळ्या नुसत्या बोल्टनं जोडल्यात की पितळी खुंटी-भोकाची जोडी लावली आहे? नुसत्या बोल्टात अर्ध्या मिमीचा खेळ राहतो आणि एनची गाडी तिथं हमखास पडते. फळीचं माप, पायांचा प्रकार आणि "ही दारातून कशी काढता?" हेही विचारा. चार बाय दोन फुटांची फळी एकटा माणूस जिन्यावरून नेऊ शकतो. सहा बाय तीनला दोघं लागतात आणि मोटारीत ती बसत नाही.

गाडी पडली तर नजर वळवू नका, तिथंच उभे राहा. तोच डबा सगळीकडं पडत असेल तर दोष डब्यात: चाकजोडी आवळली गेली आहे, वजन कमी आहे, नाहीतर कपलिंग खाली लोंबतंय. सगळे डबे एकाच जागी पडत असतील तर दोष रुळात. एकच डबा एकाच जागी पडत असेल तर दोन्हीकडं थोडं-थोडं आहे. आधी चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, एचओत ते साडेचौदा मिमीच्या जवळपास असतं. इंजिन कुठंही, कसंही अडखळत असेल तर रूळ किंवा चाकं मळलीत. हा निदानाचा क्रम घरी आयुष्यभर लागतो, आणि दुसऱ्याच्या लेआउटवर तो फुकटात पाठ होतो.

बोलायचं कसं

चालवणाऱ्याचा हात कंट्रोलरवर आणि डोळे सांध्यावर असतील तेव्हा थांबा. गाडी मागच्या यार्डात शिरली की दोन मिनिटं मोकळी असतात. सकाळी सगळे जोडणीच्या घाईत असतात; दुपारी जेवणाच्या वेळी गर्दी ओसरते, खऱ्या गप्पा तेव्हाच होतात.

"किती खर्च आला?" हा पहिला प्रश्न नको. "हा सांधा कशावर चालतो?", "खडी कशानं चिकटवली?", "पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल?" हे प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तर मिळतं आणि त्यातच सगळी चूकभूल बाहेर येते. कोल्हापूरकरांनी आवाज जरा खाली ठेवावा. आपल्याला प्रेमानं बोलल्यासारखं वाटतं, पुढच्याला भांडण वाटतं. आणि "त्या साली या डब्यांना हा रंग नव्हता" हे पहिल्या भेटीत सांगू नका. खरं असलं तरीही.

नंबर घेतलात तर फोनमध्ये नावापुढं स्केल आणि विषय लिहा: "एन, सिग्नल", "एचओ, जुनी वाफेची इंजिनं". महिन्याभरानं नुसतं नाव बघून काही आठवत नाही. त्याच रात्री त्या माणसाच्या लेआउटचे दोन-तीन चांगले फोटो त्याला पाठवा. दिवसभर चालवणाऱ्याकडं स्वतःच्या लेआउटचा धड एक फोटो नसतो. गटात घेतलं गेलं तर सकाळच्या फुलांचे फोटो नकोत, एवढंच.

खरेदी

वापरलेला जुना माल घेताना इंजिन रुळावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याकडं तपासायचा रूळ नसेल तर शेजारच्या लेआउटवाल्याला विनंती करा. पुढं एक मिनिट, मागं एक मिनिट, अगदी हळू. चाकाच्या दर फेऱ्याला 'टक्' आवाज आला तर आतला प्लास्टिकचा गिअर चिरलाय. नवा मिळाला तरच घ्या. करपल्याचा वास आला तर सरळ परत ठेवा. पालथं करून चाकांवरचं रबर बघा, नखानं दाबल्यावर कडक आणि चिरलेलं असेल तर बदलावं लागेल. ते किरकोळ आहे. जुन्या इंजिनाची ओतीव चौकट फुगलेली, बारीक भेगा पडलेली असेल तर ती किरकोळ नाही. जस्ताच्या मिश्रधातूला लागलेला तो रोग आहे, त्यावर उपाय नाही, आणि भेगा वाढतच जातात.

विजेची भाषा विचारून घ्या. साधी पद्धत १२ व्होल्ट डीसीची. डीसीसी म्हणजे रुळात कायम वीज आणि प्रत्येक इंजिनात हुकूम ओळखणारा डिकोडर. "डीसीसी रेडी" लिहिलेल्या इंजिनात डिकोडर नसतो, फक्त तो बसवायची जागा असते. डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं केलं तर गुणगुणतं, तापतं आणि मोटर जाऊ शकते. मार्कलिन या जर्मन कंपनीची एचओ गाडी तीन रुळांच्या पद्धतीची असते. तिची दोन्ही बाजूंची चाकं विजेच्या दृष्टीनं एकमेकांपासून विलग नसतात, म्हणून आपल्या दोन रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट होतं. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली बरीच इंजिनं याच कारणानं शोकेसमध्ये जातात.

परदेशातून मागवताना सर्वांत मोठा घोळ ट्रान्सफॉर्मरचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला लावला की काही सेकंदांत धूर. पाठीवर "१०० ते २४०" छापलेलं असेल तरच थेट लावा, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. पुतण्याला "एक रेल्वे सेट आण" असं सांगू नका. कंपनीचा वस्तू क्रमांक, स्केल, गेज, डीसी की डीसीसी, कपलिंग कुठलं, हे सगळं लिहून द्या. टपालानं मागवताना आयात ड्युटी किती लागेल ते आधी विचारून घ्या आणि ती धरून हिशेब करा. बिल खरं असू द्या.

हत्यारं मात्र बाहेरून आणायची गरज नाही. बारीक चिमटे, सुईसारख्या कानशी, पात्याची बारीक करवत हे सोनारकामाचं सामान आहे, गुजरीच्या आसपास ते चांगलं मिळतं. चाकाचा दांडा कातून घ्यायचा असेल तर शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही. नग एकच असेल तर संध्याकाळी जा आणि चहाला थांबा.

कोल्हापुरात जमायचं ठरलं तर

तीन-चार माणसं मिळाली की आपल्याकडंच मेळावा होऊ शकतो. त्यासाठी एकानं मोठं लेआउट बांधायची गरज नाही. एनमधली टी-ट्रॅक पद्धत नेमकी यासाठीच आहे: प्रत्येकानं लहान खोक्यासारखं मॉड्यूल बनवायचं आणि टेबलावर सगळी जोडायची.

सरळ मॉड्यूलची लांबी ३०८ मिमी, खोली निदान २१० मिमी. त्यावर काटो या जपानी कंपनीचे दुहेरी रूळ बसतात, दोन मार्गांच्या मध्यांमधलं अंतर ३३ मिमी. एका मॉड्यूलला २४८ मिमीचे दोन आणि ६२ मिमीचे दोन तुकडे लागतात. दोन्ही मिळून ३१० होतात. म्हणजे रूळ लाकडाच्या बाहेर दोन्हीकडं एकेक मिमी येतो. हे मुद्दाम आहे. लाकूड रुळाइतकंच लांब कापलं तर थोडं फुगल्यावर लाकडाला लाकूड भिडतं आणि रुळांचे जोड उघडे राहतात. आपल्या पावसात ते फुगतंच. बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या, एमडीएफ नको, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडं रंग मारा. एकाच बाजूला मारला तर फळी वाकते. कापून आणल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ३०८ बाय २१० ला ते ३७३ मिमीच्या आसपास येतात आणि एकमेकांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर काटकोन गेलाय, चार मॉड्यूलांनंतर रूळ वाकडा जाणार.

कोपऱ्याची चार मॉड्यूल लागतात, प्रत्येकात ४५ अंशांचे २८२ आणि ३१५ मिमी त्रिज्येचे दोन-दोन तुकडे. चार कोपरे आणि समोरासमोरच्या बाजूंना दोन-दोन सरळ मॉड्यूल, एवढ्यात साडेचार बाय अडीच फुटांची दुहेरी फेरी तयार होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या हव्यात, एवढंच पाळायचं. खाली चार कोपऱ्यांना बोल्टचे पाय लावा, रुळापर्यंतची उंची ७० ते १०० मिमीच्या दरम्यान वरखाली करता यायला हवी. कार्यालयातून आणलेली दोन टेबलं कधीच सारख्या उंचीची नसतात.

वायरींच्या रंगांचा क्रम सगळ्यांचा एकच हवा: समोरून मागं निळी, पांढरी, पांढरी, निळी. एकानं जरी उलटं केलं तर सगळी फेरी शॉर्ट होते आणि दोषी मॉड्यूल शोधायला एकेक सोडवत बसावं लागतं. जोडतानाच मल्टीमीटरनं प्रत्येक मॉड्यूल तपासलं तर दहा मिनिटं जातात, न तपासलं तर दुपार जाते.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली धरा. जून ते सप्टेंबर नको, लाकूड आणि माणसं दोन्ही ओली असतात. पहिला मेळावा कुणाच्या तरी घरी किंवा शाळेच्या वर्गात करा. माणसं वाढली की दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या जागेचा विचार करा. सकाळी नऊला जोडणी, अकराला गाड्या सुरू, चारला आवराआवर. कोल्हापूर-मिरजेत निवृत्त रेल्वेवाले खूप आहेत. लोको पायलट, सांधेवाले, सिग्नलवाले यांना आवर्जून बोलवा आणि त्यांच्यासाठी खुर्च्या लेआउटजवळ ठेवा. मॉडेलचं त्यांना काही कळत नसेल, पण कुठला सिग्नल कुठं उभा असतो आणि एकेरी मार्गावर पुढं जायच्या परवानगीचा टोकनचा गोळा कसा हातोहात जायचा, हे त्यांच्याकडूनच समजतं.

जेवायला मिसळ असणारच. कट लागलेलं बोट रुळाला लागलं की चाकं तेलकट होतात, तेलावर धूळ बसते आणि तासाभरात दिवे मिचमिचू लागतात. हात साबणानं धुवायचे, नुसते पुसायचे नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं टेबलाखाली ठेवा, सुरू करण्याआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा रूळ पुसा. सँडपेपर नको. त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो.

आवरताना आधी गाड्या खोक्यात, मग वायरी, मग मॉड्यूल. रूळजोड हरवतात, म्हणून एका डबीत मोजून ठेवा. हॉल सोडण्याआधी पुढची तारीख ठरवा, आणि ज्या मॉड्यूलवर गाडी तीनदा पडली ते पुढच्या वेळी सगळ्यात आधी टेबलावर घ्या.